डायलवाला कॅमेरा घेताय? बॉडीच्या किमतीपलीकडचा हिशेब

निकॉन झेडएफ, नुसती बॉडी: १,७६,९९५ रुपये. सप्टेंबर २०२३मध्ये हा कॅमेरा भारतात आला तेव्हाचा हा भाव. सणासुदीला त्यावर सूट मिळते, कधी कार्ड किंवा बॅग सोबत देतात. पण बजेट मांडताना हाच आकडा धरा. आणि लक्षात ठेवा, एवढ्या पैशांत एकही फोटो निघत नाही. लेन्स वेगळी, कार्ड वेगळं. पहिला फोटो निघेपर्यंत तुम्ही दोन लाखांच्या आसपास पोचलेले असता आणि पावसाळ्याआधी आणखी काही हजार बाजूला ठेवावे लागतात.

जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखे दिसणारे, डोक्यावर डायल असलेले डिजिटल कॅमेरे हल्ली खूप विकले जातात. दिसतात देखणे, आणि दुकानदारालाही ते ठाऊक आहे. म्हणून आधी हे ठरवा, की तुम्हाला डायल वापरायच्या आहेत की नुसत्या मिरवायच्या आहेत. दोन्ही कारणं चालतील, पैसे तुमचे आहेत. पण दुसरं कारण असेल तर स्वस्तातला पर्याय असतो.

कोणता, कितीला

सगळ्यात कमी खर्चात हौस भागवणारा निकॉनचा झेड-एफसी. २०२१ साली आला तेव्हा बॉडी ८४,९९५ रुपयांना होती. १९८२च्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्याचा तोंडवळा, छोटा एपीएस-सी सेन्सर, २०.९ मेगापिक्सेल, बॅटरी-कार्डासह वजन ४४५ ग्रॅम. बॉडीत स्थिरीकरण नाही, म्हणजे संध्याकाळी हात हलला की फोटोही हलला. मुलांचे, प्रवासाचे, रस्त्यावरचे फोटो काढायला पुरेसा आहे.

झेडएफ हा त्याचा थोरला भाऊ. फुल-फ्रेम सेन्सर, २४.५ मेगापिक्सेल, बॉडीतच स्थिरीकरण, पितळी डायल. वजन बॅटरी-कार्डासह ७१० ग्रॅम. गळ्यात दिवसभर वागवायचा असेल तर हा आकडा किमतीइतकाच महत्त्वाचा. ४० मिलिमीटर एफ/२ लेन्ससह किट घेतली तर साधारण वीस हजार वर धरा.

फुजीफिल्मचा एक्स-टी५ नोव्हेंबर २०२२मध्ये आला. ४० मेगापिक्सेल, वजन ५५७ ग्रॅम, भारतातला सुरुवातीचा भाव १,६९,९९९ रुपये, नुसती बॉडी. फुजीचाच एक्स-१०० व्हीआय फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झाला. त्यात २३ मिलिमीटर एफ/२ लेन्स कायमची बसवलेली आहे. ती बदलता येत नाही, म्हणजे पुढचा लेन्सखर्चही नाही. भाव दीड लाखाच्या पुढे.

एक्स-टी५० आणि एक्स-ई५ हेही याच रांगेत दाखवले जातात. बघताना एक गोष्ट तपासा: या दोघांवर आयएसओची स्वतंत्र डायल नाही. तिच्याऐवजी फिल्मचे रंग निवडायची डायल आहे. तुम्हाला शटर, आयएसओ आणि अॅपर्चर हाताने फिरवायचं असेल, तर हे दोन्ही कॅमेरे तुमच्यासाठी नाहीत. काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही.

आता स्वस्त पर्याय. झेडएफमधला २४.५ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम सेन्सर आणि एक्स्पीड ७ प्रोसेसर निकॉनच्या झेड५ टू या साध्या दिसणाऱ्या कॅमेऱ्यातही मिळतो. त्याची पकड खोल, एसडी कार्डाचे दोन पूर्ण आकाराचे स्लॉट, आणि तो झेडएफपेक्षा खालच्या भावात बाजारात आला. फोटो पाहून कोणता कुठल्या कॅमेऱ्याचा हे ओळखता येणार नाही. फरकाची रक्कम डायलची आणि रूपाची आहे. ती द्यायची तर डायल उपयोगी पडल्या पाहिजेत.

दुकानात पहिला अर्धा तास

शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नका. आठवड्यातल्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर जा, म्हणजे डेमो पीस हातात मिळतो आणि कोणी घाई करत नाही. मुंबईत फोर्टला, सीएसएमटीजवळच्या बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्याची दुकानं दाटीने आहेत. तिथे तासाभरात तीन-चार ठिकाणचे भाव कळतात. स्वतःचं एसडी कार्ड खिशात ठेवा. काढलेले फोटो घरी नेऊन मोठ्या स्क्रीनवर बघायचे आहेत.

झेडएफ हातात घेतला की वरून बघा. डावीकडे आयएसओची डायल, १०० ते ६४०००. तिच्या खाली एक खटका: ऑटो, पी, एस, ए, एम. मधल्या उंचवट्याच्या उजवीकडे शटर स्पीडची डायल. तिच्या खाली दुसरा खटका: फोटो, व्हिडिओ आणि कृष्णधवल. अगदी उजवीकडे एक्स्पोजर कमी-जास्त करायची छोटी डायल. शटरच्या बटणाजवळ नखाएवढी खिडकी, तिच्यात अॅपर्चरचा आकडा दिसतो.

आता खटका ‘ए’वर न्या आणि शटरची डायल २५०वर ठेवून फोटो काढा. मागच्या पडद्यावर शटर स्पीड बघा. तिथे १/६० असेल, नाहीतर १/१०००, म्हणजे कॅमेऱ्याने जो निवडला तो. डायलवर मात्र २५० तसंच. ‘पी’ आणि ‘ए’मध्ये ती डायल कामच करत नाही, ती ‘एस’ आणि ‘एम’मध्ये चालते. खटका ‘ऑटो’वर असेल तर आयएसओची डायलही नुसतीच फिरते. बहुतेक हौशी फोटोग्राफर ‘ए’वरच फोटो काढतात. तुम्हीही त्यातलेच असाल, तर सर्वांत मोठ्या आणि देखण्या डायलचा उपयोग तुम्हाला महिन्यातून एखाद्या वेळी होईल.

दुसरी चाचणी अॅपर्चरची. निकॉनच्या झेड लेन्सवर आकडे छापलेली अॅपर्चर रिंग बहुधा नसतेच. अॅपर्चर बोटाने चाक फिरवून बदलतं, इतर कुठल्याही कॅमेऱ्यासारखंच. सोबत विकली जाणारी ४० मिलिमीटरची ‘एसई’ लेन्स वरून जुन्या लेन्ससारखी दिसते, पण तिच्यावरही एफ-आकडे नाहीत. शटरची डायल पूर्ण स्टॉपने सरकते. मधली मूल्यं हवी असतील तर ती ‘१/३ स्टेप’वर ठेवून पुन्हा चाकाकडेच यावं लागतं.

फुजीचं गणित वेगळं आहे. तिथे मोडचा खटकाच नाही. शटर, आयएसओ आणि लेन्सची रिंग, तिन्हींवर ‘ए’ अशी जागा आहे. तिन्ही ‘ए’वर म्हणजे सगळं आपोआप. एक काढली की तेवढं तुमच्या हातात. कॅमेरा बंद असतानाही वरून बघून सगळं कळतं. माझं मत विचाराल तर डायलसाठीच पैसे मोजायचे असतील तर फुजीची पद्धत जास्त प्रामाणिक आहे. झेडएफचा सेन्सर मोठा, कमी उजेडातला फोटो सरस. पण डायलच्या बाबतीत तो निम्म्या वाटेवर थांबतो.

मात्र फुजीतही एक खाच आहे. आकडे छापलेली रिंग सगळ्या लेन्सवर नसते. १८-५५सारख्या झूमवर रिंग आहे, पण तिच्यावर आकडे नाहीत. स्वस्तातल्या एक्ससी लेन्सवर रिंगच नाही. दुकानदार किट म्हणून हीच लेन्स पुढे करतो. आकडेवाली रिंग हवी तर २३ किंवा ३५ मिलिमीटर एफ/२सारखी स्थिर लेन्स मागा आणि किंमत बॉडी अधिक ती लेन्स अशी काढून घ्या.

तिसरी चाचणी पकडीची. झेडएफचा पुढचा भाग जवळजवळ सपाट आहे. छोटी लेन्स लावून तो छान वाटतो; दुकानात मुद्दाम छोटी लेन्सच लावलेली असते. तुम्ही पुढे जी जड लेन्स घेणार आहात ती लावायला सांगा. २४-१२० एफ/४ एकटी ६३० ग्रॅमची, म्हणजे दोन्ही मिळून १,३०० ग्रॅमच्या वर. उजव्या हातात धरून पाच मिनिटं उभे राहा. बोटं आखडली तर बाहेरून लावायची ग्रिप घ्यावी लागेल: आणखी तीन-चार हजार.

चौथी, तळाशी. झेडएफची बॅटरी आणि दोन्ही कार्डं एकाच झाकणाखाली आहेत. एक स्लॉट एसडीचा, दुसरा मायक्रोएसडीचा, आणि तो खोलात. झाकण उघडून मायक्रोएसडी स्वतः काढून बघा. जाड बोटांच्या माणसाला नखानेच दाबावं लागतं. ट्रायपॉडची प्लेट लावली की झाकण अडू शकतं. लग्नाचं काम करणाऱ्याला हे रोज छळेल. घरगुती वापराला चालून जाईल, मायक्रोएसडी एकदा घालून विसरायचं.

चष्मा असेल तर चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरमधून चारही कोपरे दिसतात का तेही बघून घ्या.

बॉडीखेरीज काय काय

झेडएफ धरून आकडे देतो. भाव दुकानागणिक थोडे हलतात, पण बजेटला हे पुरेत.

१२८ जीबीचं साधं वेगवान एसडी कार्ड दोन-अडीच हजार. तेच यूएचएस-टू घेतलं तर सहा-आठ हजार. सलग फोटो किंवा मोठे व्हिडिओ काढत नसाल तर ते नको. मायक्रोएसडी दीड हजार. दुसरी बॅटरी अस्सल घेतली तर पाच-सहा हजार. ती लागतेच, कारण एका बॅटरीत साधारण साडेतीनशे-चारशे फोटो निघतात. यूएसबी-सीने कॅमेऱ्यातच चार्ज होते, म्हणून वेगळा चार्जर आधी घेऊ नका. हल्ली अनेक कॅमेऱ्यांच्या बॉक्समध्ये चार्जर नसतो, नुसती बॅटरी असते. पैसे देण्याआधी बॉक्समधल्या वस्तूंची यादी वाचा. ४० मिलिमीटर लेन्सला ५२ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, हजार-दीड हजार. स्क्रीन गार्ड पाचशे. ग्रिप तीन-चार हजार. पट्टा बॉक्समध्ये येतो तो पुरतो; चामड्याचा पट्टा हा हौसेचा खर्च.

एक्स-१०० व्हीआय घेणाऱ्यांसाठी खास सूचना. ‘वेदर-रेझिस्टंट’ असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं, पण समोर अॅडॅप्टर रिंग आणि प्रोटेक्शन फिल्टर लावल्याशिवाय ते संरक्षण पूर्ण होत नाही. हे दोन्ही वेगळे विकत घ्यावे लागतात. ते न लावता भर पावसात रायगड चढायला नेलात आणि पाणी गेलं, तर वॉरंटीत बसवून घेणं अवघड.

४० मेगापिक्सेलच्या फुजीचा आणखी एक खर्च घरी आल्यावर कळतो. कॉम्प्रेस न केलेली एक रॉ फाइल ८० एमबीच्या आसपास. हजार फोटोंना ८० जीबी. म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क, आणि लॅपटॉप जुना असेल तर तोही कुरकुरतो. कॅमेऱ्यात ‘लॉसलेस कॉम्प्रेस्ड’ निवडा, दर्जा न घटता फाइल बरीच लहान होते. फोटो धुण्यासाठी सुरुवातीला महिन्याचं भाडं भरून सॉफ्टवेअर घेऊ नका. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे, फुजीही स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट देते.

आता पावसाळा. कोकण, मुंबई, गोवा, इतकंच काय पुण्यातही जून ते सप्टेंबर लेन्सला बुरशी लागते. कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवणं ही सगळ्यात वाईट जागा: अंधार, दमट हवा आणि कापड. बुरशी काचेच्या आत गेली की साफसफाईचा खर्च काही हजारांत जातो, आणि डाग कधीकधी कायमचा राहतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आतली आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, हे सगळं हजार-बाराशेत होतं. काटा ४० ते ५०च्या दरम्यान ठेवा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. लेन्स तीन-चारच्या वर गेल्या की विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्या, आठ-दहा हजार.

बेरीज केली तर काटकसरीने पंधरा हजार, आणि सगळं चांगलं घ्यायचं म्हटलं तर बॅगेसकट अडतीस-चाळीस हजार बॉडी-लेन्सच्या वर.

घरातली जुनी लेन्स चालेल का

चालते, आणि डायलच्या कॅमेऱ्याची खरी मजा तिथेच आहे. वडिलांच्या एफएम किंवा एफएम२ची मॅन्युअल निक्कॉर लेन्स घरात पडून असेल तर तिच्यावर आकडेवाली अॅपर्चर रिंग आहे. झेडएफवर ती लावली की अॅपर्चर लेन्सवर, शटर आणि आयएसओ बॉडीवर, सगळं हाताने. फोकसही हातानेच, पण झेडएफ चेहरा ओळखून तो भाग मोठा करून दाखवतो, त्यामुळे डोळ्यांवर नेमका फोकस बसतो.

यासाठी दुकानात निकॉनचा एफटीझेड टू अॅडॅप्टर सुचवला जाईल. तुमच्याकडे फक्त मॅन्युअल लेन्स असतील तर तो घेऊ नका. विजेची जोडणी नसलेला साधा यांत्रिक अॅडॅप्टर दीड ते चार हजारांत येतो आणि तेच काम करतो. फक्त रिंग नसलेल्या ‘जी’ लेन्ससाठी तो घेऊ नका, अॅपर्चर हाताशी राहत नाही. एफटीझेड टू हवा तो मोटर असलेल्या ऑटोफोकस लेन्ससाठी. आणि इथे एक फसगत: जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, आणि अॅडॅप्टरमध्येही नाही. त्या एफटीझेड टूवर लावल्या तरी फोकस हातानेच करावा लागतो. ‘सगळ्या जुन्या लेन्स ऑटोफोकस होतील’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठा.

जुनी लेन्स लावण्याआधी उजेडासमोर धरून आरपार बघा. कोळिष्टकासारख्या पांढऱ्या रेषा म्हणजे बुरशी. तशी लेन्स नव्या लेन्ससोबत एका डब्यात ठेवू नका.

बिल, आणि बिल नसलेला भाव

१,७६,९९५ रुपयांत १८ टक्के जीएसटी आहे. मूळ किंमत सुमारे दीड लाख, कर सुमारे २७ हजार. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे वाक्य या २७ हजारांतून येतं. नाही म्हणा. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, चोरीला गेला तर तक्रारीला आणि विम्याला पुरावा नाही, विकताना भाव नाही.

दुसरा शब्द ऐकाल तो ‘ग्रे’. कंपनीच्या भारतीय शाखेमार्फत न येता बाहेरून आणलेला माल. बॉक्स अस्सल, कॅमेराही अस्सल, पण भारतातली वॉरंटी लागू नाही. काही ठिकाणी ‘दुकानाची वॉरंटी’ देतात, ती दुकान आहे तोवर. ओळखायचं कसं? बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि आयातीचा महिना छापलेलं लेबल हवं. सीरियल नंबर बॉक्सवर, बॉडीच्या तळाशी आणि बिलावर एकच हवा. दुकानातच तिन्ही ताडून बघा आणि बिलावर नंबर लिहिलेला असल्याशिवाय पैसे देऊ नका.

एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. एक्स-१०० व्हीआयच्या बाबतीत हे मुद्दाम सांगतो, कारण २०२४पासून त्याला मागणी फार आणि माल कमी. ‘स्टॉक नाही, पण वर इतके दिलेत तर आजच देतो’ असं सांगणाऱ्याची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे करता येते. ‘बॅग आणि कार्ड घेतलंत तरच कॅमेरा’ ही सक्तीही ग्राहक संरक्षण कायद्यात न बसणारी. थांबायची तयारी ठेवा. अधिकृत विक्रेत्याकडे नाव नोंदवा, पावती घ्या, आगाऊ रक्कम परत मिळेल असं तिच्यावर लिहून घ्या.

रोखीने देणार असाल तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम विक्रेत्याला एका व्यवहारात रोख स्वीकारता येत नाही. झेडएफ आणि लेन्स सहज तिथवर जाते. बिलाचे दोन तुकडे करून द्यायची तयारी दाखवली तर नको म्हणा. पॅन कार्ड सोबत न्या. स्टुडिओ किंवा व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक आधीच घालून घ्या; ते २७ हजार व्यवसायाच्या करातून वळते होऊ शकतात. नंतर नंबर घालायला दुकानं टाळाटाळ करतात.

‘नो-कॉस्ट ईएमआय’ फुकट नसतो. दीड लाखाचं कर्ज, सहा हप्ते, १६ टक्के व्याज धरलं तर व्याज सुमारे सात हजार. तेवढी सूट आधी देऊन व्याज भरलं जातं. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो, सुमारे पावणेतेराशे. वर बँकेचं प्रक्रिया शुल्क. म्हणजे दीड हजार गेले. खरा खर्च मात्र दिसत नाही: एकरकमी घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्यावाल्याला बऱ्याचदा मिळत नाही. आधी विचारा, ‘आत्ता सगळे दिले तर किती?’ मग हप्त्यांचं बोला.

अमेरिकेतून भाऊ येणार आहे, त्याला आणायला सांगू? झेडएफ तिथे दोन हजार डॉलरला आला. डॉलर ८५ रुपये धरला तरी १,७०,०००, वर त्या राज्याचा विक्रीकर. विमानतळावर शुल्कमुक्त सामानाची मर्यादा याहून पुष्कळ खाली आहे आणि वरच्या रकमेवर सीमाशुल्क लागतं. शिवाय इथली वॉरंटी नाही. बचत शून्य आणि नातेवाइकाला मनस्ताप. जपानहून मागवत असाल तर मेनूची भाषा आधी विचारा. तिथे विकली जाणारी काही मॉडेलं फक्त जपानीत चालतात.

भाड्याने, किंवा जुना

खात्री नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी भाड्याने घ्या, सोमवारी द्या. दिवसाला दीड ते अडीच हजार धरा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि अनामत मागतात. मूळ आधार कार्ड ठेवून घेऊ देऊ नका. पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून त्याची प्रत द्या आणि तिच्यावर तारीख व कारण लिहा. घेताना कॅमेऱ्याचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढा, दुकानदारासमोरच. अनामत कधी आणि कशी परत मिळणार ते पावतीवर हवं.

जुना घेणार असाल तर झेड-एफसी, एक्स-टी३ आणि २०१३चा निकॉन डीएफ हे बाजारात फिरतात. डीएफमध्ये १६ मेगापिक्सेलच आहेत आणि व्हिडिओ नाही, पण डायलच्या बाबतीत तो अजून पुढे आहे. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच शटर काउंट नोंदलेला असतो. त्याच कॅमेऱ्याने तुमच्यासमोर जेपीईजी काढून तो तपासा. प्रत्येक डायल टोकापासून टोकापर्यंत फिरवा. प्रत्येक खाचेत ती ठाम बसली पाहिजे आणि पडद्यावरचा आकडा प्रत्येक वेळी बदलला पाहिजे. एखादा आकडा उडी मारत असेल तर आतला संपर्क झिजलाय, आणि ती दुरुस्ती स्वस्त नाही. लेन्सचं झाकण लावून एक लांब एक्स्पोजर घ्या, काळ्या फोटोत चमकणारे ठिपके मोजा. मूळ बिल आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र, दोन्हींची प्रत घ्या. चोरीचा माल निघाला तर हीच कागदं कामी येतात.

घरी आणल्यावर

ऑनलाइन मागवला असेल तर बॉक्स फोडण्याचा व्हिडिओ न तोडता काढा: आधी पत्त्याची चिठ्ठी, मग सील, मग सीरियल नंबर. परतीची मुदत किती आणि ती पैसे परत देण्याची आहे की फक्त बदलून देण्याची, हे मागवण्याआधी बघा. त्या मुदतीतच सगळ्या डायल, दोन्ही कार्ड स्लॉट आणि चार्जिंग तपासून संपवा. वॉरंटीची नोंदणी त्याच आठवड्यात करा. बिलाचा फोटो ईमेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात.

कॅमेरा घेऊन परदेशी जाणार असाल तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. बिल आणि सीरियल नंबर लागतो, कॅमेरा दाखवावा लागतो, म्हणून चेक-इनच्या आधी वेळ राखून पोचा. नाहीतर परतताना हा कॅमेरा तिकडे घेतलेला नाही, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

दुकान किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. तिथे मिटलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. बिल, बॉक्सवरच्या लेबलचा फोटो, दुकानाशी झालेला व्हॉट्सअॅप संवाद आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची जॉब शीट, एवढी कागदं जोडा. सर्व्हिस सेंटर कॅमेरा ठेवून घेताना जॉब शीटवर दोष सविस्तर लिहायला सांगा. ‘तपासणीसाठी’ एवढंच लिहिलं तर सही करू नका.